दारोदारी थांबणारे आमचे चुलतसासरे

आमच्या चुलतसासऱ्यांइतका माणसांचा लोभी माणूस केज तालुक्यात दुसरा झाला नाही, असं आमचं सगळं गाव मानायचं आणि लग्न होऊन आल्यावर मीही मानायला लागले. त्यांच्या घरापासून पारापर्यंतचा रस्ता इतका जवळचा की एखादी म्हातारी कंबरेवर हात ठेवून निघाली तरी चहा निवायच्या आत पोचेल. चुलतसासऱ्यांना मात्र त्याला अर्धी सकाळ लागायची. दहा-बारा घरं गेली की ते थांबायचे. समोरच्या दाराकडे तोंड करून, डावा पाय जरा अधांतरी ठेवून, काठीवर रेलून हाक द्यायचे, "काय चाललंय? बरे हाईत का समदे?" आतला माणूस बाहेर यायचा. मग त्याची म्हैस, त्याच्या लेकीचं बाळंतपण, बोअरला लागलेलं पाणी, सगळ्याची चौकशी व्हायची. विषय ऐन रंगात आला की हे एकदम म्हणायचे, "बरंय, येतो," आणि समोरच्याचं वाक्य तोंडातच ठेवून चालू लागायचे. पुढच्या दहा-बारा घरांनंतर पुन्हा तेच. माझं शिलाई मशीन रस्त्याकडच्या खिडकीशी असल्यामुळे हा सोहळा मी रोज बघायची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मी त्यांनाही मामाच म्हणते. मामांची मिरवणूक माझ्या खिडकीसमोरून पुढे गेली की मी ब्लाऊजची बाही धरायची आणि परत आली की हुकाला लागायची.

ह्या थांबण्यावरच त्यांनी सरपंचपद मिळवलं आणि टिकवलं, असं लोक सांगत. बाकीचे पुढारी जीपमधून हात जोडत जायचे, हे दारात उभे राहायचे. एका निवडणुकीत एका तरुण उमेदवाराने त्यांना प्रचारफेरीत पुढे घातलं. फेरी दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीतच अडकली, घोषणा देणाऱ्या पोरांचे घसे बसले, पण उमेदवार निवडून आला. तेव्हापासून त्यांच्याकडे हे तंत्र शिकायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. मामा त्यांना गंभीरपणे सांगत, "पळत्या माणसाला कुणी मत देत न्हाई. थांबायला शिका." आणि विडी पेटवत. विडीचंही त्यांचं राजकारण होतं. गावात विडी, केजला गेलं की साधी सिगारेट आणि बीडला कुणा मोठ्या माणसाकडे जायचं असलं की लांब पांढरी. मतदारसंघ बदलला की धूर बदलायचा. छातीत जाणारा मात्र तोच होता.

आजारपणाबद्दल त्यांची मतं फार पक्की होती. आजार हा रिकाम्या माणसाचा धंदा. ज्याला काम नाही त्याला शुगर होते, ज्याला कुणी विचारत नाही त्याला बीपी होतं, आणि ज्याची बायको ऐकत नाही त्याचं डोकं दुखतं. स्वतःच्या शरीरातल्या प्रत्येक कुरबुरीला त्यांच्याकडे एकच नाव होतं, वात. रात्री पोटऱ्या ठणकायच्या, तो वात. डाव्या पायाच्या नडगीवरचे केस झडून ती गुळगुळीत झाली, तोही वातच. वातावर उतारा म्हणून करडईचं तेल. त्यांची बायको, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, रोज तेलाची वाटी घेऊन बसायच्या आणि पोटरी चोळता चोळता म्हणायच्या, "ह्या पायानं आजवर जेवढं तेल पिलं, तेवढ्यात गावजेवणाची भजी झाली असती." मामा हसायचे, पण पाय काढून घ्यायचे नाहीत.

मग एका वर्षी दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे गावातली माणसं उसाच्या तोडीला निघून गेली. कुणी माजलगावकडे, कुणी पार कर्नाटकात. आमची गल्ली तर अर्ध्याच्या वर रिकामी होते. दारांना कुलपं आणि ओट्यांवर पाचोळा. एका दुपारी मी मशीनवर बसले होते, समोरून मामा आले. नेहमीच्या जागी थांबले, डावा पाय अधांतरी. समोरच्या दाराला भलंमोठं कुलूप. मामांनी एकदा कुलपाकडे बघितलं, एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं, आणि मग त्या कुलपालाच म्हणाले, "काय, बरं हाय का?"

मला आधी हसू आलं. तोंडाला पदर लावून मी हसत राहिले. पण कुलूप काही बोलेना आणि मामाही हलेनात. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. थंडीच्या दिवसांत कपाळावर घाम. काठीवरच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. थोड्या वेळाने त्यांनी पाय हळूच टेकवला, टेकवून बघितला आणि कुलपाला म्हणाले, "बरंय, येतो." पुढची दहा-बारा घरं गेली आणि ते पुन्हा थांबले. तिथे तर घरही नव्हतं, नुसती बाभळ होती.

माझं हसू तिथेच विरलं. इतकी वर्षं हा माणूस आम्हाला भेटायला थांबत होता असं आम्हाला वाटत होतं. तो थांबायचा कारण त्याला पुढे चालवत नव्हतं. पाय दुखतो हे सांगण्यापेक्षा म्हशीची चौकशी करणं त्याला सोपं जात होतं.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी पीठ मळता मळता हात थांबवले. "मला ठावं हाय गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रात्री पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसत्यात. तसं केलं की जरा उतार पडतो म्हणं. पण दवाखान्याचं नाव काढलं की जेवणच सोडत्यात." मग आम्ही दोघींनी मिळून एक बनाव रचला. आत्याबाईंना चक्कर येते, त्यांना केजला दाखवायचंय, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलायला घरातलं मोठं माणूस हवं. मोठं माणूस म्हटल्यावर मामांनी इस्त्रीचे कपडे घातले. आमच्या ह्यांनी जीप काढली.

गंमत अशी की बनाव खरा निघाला. आत्याबाईंचं बीपी इतकं चढलेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं. त्यांना गोळ्या लिहून दिल्या. मग मी मामांकडे न बघता म्हणाले, "आणि मॅडम, ह्यांचा पाय." मामांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढची दोन वर्षं मला त्या घरचा चहा मिळायचा नाही अशी माझी खात्री झाली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पलंगावर निजवलं, धोतर गुडघ्यापर्यंत वर सारलं आणि पावलावर बोटं ठेवून काहीतरी शोधू लागल्या. मामांना राहवेना. "बाई, नाडी हाताला असती," ते म्हणाले.

"पायालाही असते, मामा. उजव्या पायाला आहे. डाव्याला सापडत नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर गावाची नाडी माझ्या हातात आहे असं सांगितलं, त्याच्या स्वतःच्या पायाला नाडी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बीपीचा पट्टा आधी दंडाला बांधला, मग घोट्याच्या वर बांधला. हाताचं एवढं आणि पायाचं त्याच्या निम्मं. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि सरळ सांगितलं. रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत. बसून असताना पायाला रक्त पुरतं, चालायला लागलं की पुरत नाही, म्हणून पोटरी ओरडते. थांबलं की शांत होते. "पण मामा, नळी पायातच खराब होते असं नाही. तेच रक्त, त्याच नळ्या हृदयाला जातात, मेंदूला जातात, मूत्रपिंडाला जातात. पाय आधी बोलला, एवढंच. विड्या किती वर्षं ओढता?"

"मोजल्या न्हाईत," मामा म्हणाले. आवाज पार उतरला होता.

तपासण्यांत शुगरही निघाली. मग संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात आणखी तपासण्या झाल्या, आणि तिथे कळलं की हृदयाची एक नळी पायापेक्षा वाईट आहे. छातीत कधी दुखलं नाही का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. दुखण्याएवढं हा माणूस कधी चाललाच नव्हता. पायाने त्याला दर दहा-बारा घरांवर थांबवलं होतं, म्हणून छातीपर्यंत वेळ आली नव्हती. हे मला तिथल्या बाकावर बसून समजलं. आधी हृदयात आणि नंतर पायात फुगा घालून नळ्या उघडल्या. आत्याबाई बाहेर बसून देवाचं नाव घ्यायच्या आणि मध्येच मला विचारायच्या, "फुगा म्हंजे आपला जत्रंतला असतो तसाच का गं?" नारायणगडाच्या यात्रेत त्यांनी एवढे फुगे बघितले होते की असल्या वस्तूवर नवऱ्याचा जीव टांगायला त्यांचं मन धजत नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की विडी बंद, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं.

मामा उठून बसले. "म्हंजे मी इतकी वर्षं करत होतो तेच की!"

"तेच," डॉक्टर म्हणाले, "फक्त विडी न ओढता."

विडी सोडणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं राजकारण ठरलं. ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग लवंग चघळू लागले, मग बडीशेप, मग दोन्ही. एकदा उकिरड्यामागे धूर दिसला म्हणून आत्याबाई काठी घेऊन धावल्या, तर तिथे कुणीतरी पाचोळा जाळत होतं. पण सुटली. आणि हळूहळू त्यांचं चालणं वाढलं. इतकं वाढलं की ते घरून निघून कुठेही न थांबता पारावर पोचू लागले, आणि गावात नाराजी पसरली. "सरपंचाला आता आमची गरज न्हाई," "शहरातून आल्यापासून मान ताठ झाली," असं लोक बोलू लागले. शेवटी मामांना पारावर उभं राहून खुलासा करावा लागला की माझा लोभ कमी झाला नाही, रक्त वाढलं आहे. खुलासा कुणाला समजला नाही, पण मामा पुन्हा दारात थांबू लागले. आता दुखत नसताना थांबत होते, म्हणून समोरच्याचं वाक्य पुरं ऐकून घेत होते.

आणि ह्याच काळात त्यांना पाय बघण्याचं वेड लागलं. भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या पायांकडे बघायचे. कुणाच्या नडगीवरचे केस झडलेत, कुणाचा अंगठा काळवंडलाय, कुणाची जखम महिनाभर भरत नाही. ग्रामसभेत पाणंद रस्त्याचा विषय निघाला की हे उभे राहून म्हणायचे, "रस्त्याचं होईल. आदी पाय दाखवा." मयताला गेले तरी ओसरीवर बसलेल्यांची पावलं न्याहाळायचे. एसटी स्टँडवर एका अनोळखी कंडक्टरला त्यांनी विचारलं, "का रं, लंगडतोस कावून? पोटरी भरून येती का?" तो म्हणाला, "चप्पल चावली." मामांनी त्याला चप्पल काढायला लावून खात्री करून घेतली. आत्याबाई डोक्याला हात लावायच्या. पण रोज सकाळी मामांचे स्वतःचे पाय त्याच बघायच्या, बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत. करवादत बघायच्या, पण एक दिवस चुकवायच्या नाहीत.

माझ्या माहेरी, माजलगावजवळच्या गावात, माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. वैशाखातलं ऊन, मांडवात बसलेल्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. माझी आई बायकांत बसली होती. आईला पुष्कळ वर्षांची शुगर, पण गोळी कधी घ्यायची कधी नाही. मामा मांडवात शिरले, पाहुण्यांना रामराम केला आणि मध्येच थबकले. मग पुरुषांची बाजू सोडून ते सरळ बायकांच्या बाजूला आले आणि माझ्या आईसमोर उकिडवे बसले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "पायमोजा काढा."

वाजंत्री चालू होती, तरी आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. आईने पदर कपाळाच्या खाली ओढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे व्याह्याने विहिणीकडे मान वर करून बघायचीही रीत नाही आणि हे पाय मागत होते. माझे चुलते तरातरा आले. "अहो पाव्हणं, ही काय पद्धत झाली?"

"पद्धतीचं मागून बगू," मामा जागचे न हलता म्हणाले. "वैशाखात कुणी पायमोजे घालतं का? आन् पाय एकदा गेला की पद्धतीनं उगवत न्हाई."

"चिखल्या झाल्यात," आई पदराआडून पुटपुटली. "हळद लावलीय."

मीच खाली बसले आणि मोजा काढला. डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती, तिच्याखाली जखम, आणि वास येत होता. कधीतरी बांगडीची काच घुसली होती म्हणे. आईला दुखलंच नव्हतं. शुगरने पायाची जाणीव गेली होती आणि नळ्यांनी रक्त. चुलते बघत राहिले आणि मग तेच गाडी काढायला धावले. लग्न लागलं तेव्हा आम्ही बीडच्या रस्त्याला होतो. पुढच्या सीटवर मामा बसलेले. मागे वळून न बघता ते सारखं एवढंच म्हणत होते, "विहीणबाई, भिऊ नका. मी गेलतो त्याच वाटंनं जायचंय. वाट माझ्या बगण्यातली हाय."

करंगळी गेली. पाऊल राहिलं. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पायावरून मग आईच्या मूत्रपिंडाची तपासणी झाली, हृदयाची झाली, आणि जे बिघडायला लागलं होतं ते वेळेवर हाती लागलं. आज माझी आई धरणाकाठच्या रानात भाजी खुडायला स्वतःच्या पायांनी जाते. मामांचा विषय निघाला की ती अजूनही पदर ओढते आणि पदराआडून म्हणते, "लई आगाव माणूस. देव त्याला उदंड आयुष्य देवो."

देवाने ते आयुष्य मामांना दिलं. आत्याबाईंच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. त्यांनी गोळ्या चुकवल्या नव्हत्या. पण मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी चूल पेटवता पेटवता त्यांचं तोंड वाकडं झालं, शब्द बोबडे पडले. मामांनी क्षणभरही वेळ दवडला नाही; तोंड वाकडं झालं की लगेच दवाखाना, हेही ते पाय बघण्याच्या वेडात डॉक्टरांना विचारून विचारून शिकले होते. दवाखान्यात पोचायला उशीर झाला नाही, तरी मेंदूतला रक्तस्राव मोठा होता. दोन दिवसांनी त्या गेल्या. तेराव्यानंतर डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी चक्कर येते म्हणून आणलं नसतं, तर ही वर्षं मिळाली नसती त्यांना." मामा मग म्हणाले, "बनाव होता तो बाई. माझ्यासाठी केलेला." आणि हात जोडले. डॉक्टरीणबाईंना की मला, ते कळलं नाही.

ह्या वर्षी दिवाळीनंतर तोडीच्या टोळ्या निघाल्या तेव्हा पहाटेपासून ट्रॅक्टर पारापाशी लागले होते. ट्रॉल्यांत भांडी, सरपण, कोंबड्या, अंथरुणं आणि त्यांच्यावर माणसं. बायका ट्रॉलीच्या फळीवरून पाय लोंबते सोडून ओळीने बसल्या होत्या. मामा काठी टेकत त्या ओळीपुढून चालले. आता ते पूर्वीसारखे झपझप चालत नाहीत, वय झालंय. "ह्या भेगंत माती गेलीय, तेल लाव. तुझी चप्पल तुटकी हाय, फडात बुटाबिगर उतरू नको. आन् जखम झाली, भरना झाली, तर मुकादमाला सांग आन् तिथल्या दवाखान्यात जा. राख-माती लावू नको." बायका हसत होत्या, मुद्दाम पाय पुढे करत होत्या, "मामा, माझे बी बगा की." मामा बघत होते, एकेक.

शेवटच्या ट्रॉलीत एक म्हातारी बसली होती. आत्याबाईंच्या बरोबरीची, त्यांच्याबरोबर ओव्या म्हटलेली. तिने पाय दाखवले आणि मग हळूच विचारलं, "मामा, आता तुमचे पाय कोण बगतं हो?"

मामा थांबले. ट्रॅक्टर सुरू झाला होता. मी मागेच उभी होते, त्यांचं पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन.

"ही बगती की," ते म्हणाले. "माझी सून."

आत्याबाई गेल्यापासून कुणीच बघत नव्हतं. ट्रॉल्या वळणाआड गेल्या आणि मामा माझ्याकडे न बघता चालू लागले. संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर पाट मांडला, परातीत कोमट पाणी घेतलं आणि समोर बसले. त्यांनी पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी बोटांची बेचकी पुसली, टाच बघितली, नखं वाढली होती म्हणून कात्री घेतली.

"सरळ काप," मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. "कोपरे आत घेऊ नको. ती सरळ कापायची."

मी सरळ कापली.